दुपारच्या दोन घटका

१

तालुक्याच्या कचेरीत मी चौतीस वर्षं कारकुनी केली. एवढ्या वर्षांत माझ्या हातून खोडलेली ओळ एकच. ती कुठल्या रजिस्टरात, कितव्या पानावर आहे, हे मला झोपेतून उठवून विचारा, सांगतो.

आम्ही जुन्नरचे कागदी. माझ्या आजोबांनी कागद केला, वडिलांनी केला. हौदातून काढायचा, वाळवायचा, खळ लावायची, दगडानं घोटायचा. मग विलायती कागद आला आणि वडिलांचे हौद कोरडे पडले. आणि मी त्यांचा मुलगा महंमद हनीफ, त्याच विलायती कागदावर सरकारी अक्षर काढायला बसलो. वडील म्हणायचे, "बेटा, कागद फार भोळा असतो. त्याच्यावर लिहिशील ते तो खरं धरून चालतो." मला वाटायचं, धंदा बसला म्हणून म्हातारा काहीबाही बोलतोय.

एकोणीसशे नऊ साली, होळीच्या आधी, मला धारेवाडीला पाठवलं. आंबेगावच्या बाजूला एक ओढा आहे. त्याचं पाणी डोंगरातून कोरलेल्या बोगद्यानं अलीकडे, आमच्या जुन्नरच्या अंगाला येतं आणि त्यावर धारेवाडीची शेतं भिजतात. बोगदा कुणी कोरला, कधी कोरला, ते कुणाला ठाऊक नाही आणि मला ते नकोच होतं. मला हवे होते हक्क. कुणाला किती वेळ पाणी, हे जुन्या मोडी दफ्तरात होतं. ते वाचून नव्या रजिस्टरात उतरवायचं. पाळी, हक्कदार, वारस असे तीन रकाने. एकही रकाना कोरा चालायचा नाही.

बोगद्याच्या तोंडाशी सोमाजी पाटकरी छपरी घालून बसलेला असायचा. पाणी वाटणं हे त्याच्या घराकडं पिढीजात. साठीचा माणूस, बोलणं कमी. पुढ्यात पाण्यानं भरलेलं घंगाळ, त्यात तरंगणारी तांब्याची वाटी आणि वाटीच्या बुडाला सुईनं पाडावं तेवढं भोक. वाटी भरून बुडाली की एक घटका झाली. मग सोमाजी एक खडा बाजूला टाकी, वाटी पुन्हा तरंगत ठेवी. ज्याच्या घटका पुऱ्या झाल्या त्याचा पाट बंद, पुढच्याचा चालू. मी खिशातलं घड्याळ काढलं की तो तोंड फिरवायचा.

"ते कचेरीतल्या मानसांसाठी, भाऊ. पान्याचा टाइम पान्यालाच इचारावा."

"आणि वाटी चुकली तर?"

"वाटी कशी चुकंल?" सोमाजी म्हणाला. मी दोन दिवस घड्याळ लावून पाहिलं. खरंच, वाटी चुकत नव्हती.

२

पहिल्याच दिवशी, ऊन डोक्यावर आलं तेव्हा सोमाजी उठला आणि बोगद्याच्या तोंडाला जाड फळी लावली. पाणी थांबलं. सगळे पाट एकदम गप्प झाले.

"आता कुणाची पाळी?" मी विचारलं.

"कुनाची न्हाई. दोन घटका पानी आतच ऱ्हाऊ द्यायचं."

मी दफ्तर उलगडलं. तिथं स्पष्ट लिहिलं होतं. मध्यान्ह, दोन घटका, आतले लोक. बस्स. ना नाव, ना बापाचं नाव.

"आतले म्हणजे कोण हो, सोमाजीबाबा?"

"आता मला काय ठावं? आत हाईत ते." त्यानं वाटी तरंगत ठेवली. "माझा आजा लावायचा फळी, बा लावायचा, मी लावतो."

मी वाकून आत पाहिलं. बोगदा सरळसोट, पाचशे पावलांचा. पलीकडच्या तोंडाचा उजेड भाकरीएवढा दिसत होता, गोल, स्वच्छ. मधे पाणी हळूहळू चढत होतं. बाकी काही नाही. आत कोण असणार कप्पाळ? कुण्या जुन्या कारकुनाचा आळस, असं म्हणून मी मोकळा झालो.

जेवायला इंद्रायणीनं बोलावलं. ही सोमाजीची लेक. नवरा गेल्यावर सासरच्यांनी माहेरी आणून सोडलेली. बोगद्याच्या तोंडापासून पन्नास पावलांवर तिनं कांदा लावला होता आणि तो करपत चालला होता. पाणी डोळ्यांसमोरून वाहत होतं, पण पाटकऱ्याच्या घराला पाळी नाही, असा तिथला रिवाज. वाटणाऱ्यानं वाटा घ्यायचा नाही. म्हणून ती खालच्या ओढ्यावरून हंडे आणून एकेका वाफ्याला घालायची. बाजरीची भाकरी आणि ठेचा माझ्यापुढं ठेवताना तिच्या हातांना फोड आलेले मी पाहिले.

"कांदा गेला तर मी बी जानार बगा, भाऊ," ती हसून म्हणाली. "दीर म्हनतो, ये परत, गोठ्यात ऱ्हा. त्यापरीस मेलेलं बरं."

आणि माझ्या डोक्यात ती कल्पना आली. मला त्या क्षणी माझं फार कौतुक वाटलं होतं, हेही सांगून टाकतो.

३

कायदा असा होता. नवी पाळी निर्माण करता येत नाही. जुनी पाळी फक्त वारसाकडं जाते. आतल्या लोकांना वारस नसेल तर दोन घटका रद्द, पाणी वाया. मग वारस लावायला काय हरकत आहे? मी लिहिलं: मध्यान्ह, दोन घटका. हक्कदार, आतले लोक. वारस, इंद्रायणी सोमाजी, राहणार धारेवाडी.

सोमाजीनं अंगठा पुढं केला नाही. "भाऊ, वारस म्हंजी नातं सांगितल्यावानी झालं की."

"अहो, कागदावर! कागदावरचं नातं काय चुलीपाशी जेवायला येतंय?"

साक्षीला गावातला दुकानदार केवलचंद आला होता. तो म्हणाला, "कर रे सोमा. पोरीचं भलं होतंय, आणि तू मुहूर्त कसला बघतोयस?" सोमाजीनं लेकीकडं पाहिलं. ती रजिस्टराकडं टक लावून बघत होती. तिचं नाव कधी कुठल्या कागदावर चढलं नव्हतं. सोमाजीनं अंगठा दिला.

"वारस म्हंजी काय हो, भाऊ?" तिनं विचारलं.

मी मोठ्या ऐटीत सांगितलं. "आपली माणसं असतात ना, त्यांच्यामागं त्यांचं जे राहील ते ज्याचं होतं, तो वारस."

"म्हंजी ती माझी मानसं," ती म्हणाली.

"कागदावर," मी म्हटलं. तिनं ते ऐकलं की नाही, कोण जाणे.

त्या रात्री मुक्कामी मी रजिस्टर मिटलं. सकाळी उघडलं, तर ती ओळ ओली. वरच्या-खालच्या ओळी खडखडीत वाळलेल्या आणि ही एवढीच ओली. बोट लावलं तर शाई बोटाला आली. मी कागद्याचा मुलगा, मला कारण लगेच सापडलं. खळ नीट बसलेली नाही. विलायती कागद, दुसरं काय! टिपकागद लावला, उन्हात धरलं. संध्याकाळी पाहिलं तर पुन्हा ओली.

४

दुसऱ्या दिवसापासून दुपारी फळी लागली नाही. दोन घटका पाणी इंद्रायणीच्या वाफ्यात. ती पाटात पाय सोडून उभी राहायची आणि वाफे एकेक करून फोडायची. आठवड्यात कांद्यानं मान वर काढली. मी बाकीच्या पाळ्या लिहीत छपरीत बसलेलो असायचो आणि तिच्याकडं बघून मला बरं वाटायचं. खोटं कशाला बोलू, आजही ते दिवस आठवले की आधी बरंच वाटतं.

मग एका दुपारी मी सहज बोगद्यात डोकावलो. पलीकडचा उजेड पुरा गोल नव्हता. खालून एक घास काढून घेतल्यासारखा दिसत होता.

झुडूप वाढलं असेल, मी म्हटलं. दुसऱ्या दुपारी घास मोठा झाला होता. मी असा माणूस की गोष्ट तपासल्याशिवाय चैन पडत नाही. सकाळी निघून खिंडीनं डोंगर ओलांडला आणि आंबेगावच्या अंगाला पलीकडच्या तोंडाशी जाऊन उभा राहिलो. झुडूप नाही, दरड नाही. तोंड मोकळं आणि स्वच्छ. तिथून आत पाहिलं तर आमच्या बाजूचा उजेड गोल दिसत होता. मी समाधानानं परतलो. परतेपर्यंत ऊन डोक्यावर आलं होतं. अलीकडून पाहिलं, तर उजेड अर्धाच उरला होता.

इंद्रायणी पाटात उभी होती. मी तिला विचारलं, "तुला आत काही दिसतं का गं?"

"दिसत न्हाई," ती म्हणाली. "ऐकू येतं. हाक मारत्यात."

"कोण?"

"आतली. 'इंद्रायणी' म्हनत्यात, पुरं नाव घेऊन." ती हे किती सहज बोलली! "सासरी सा वर्सं व्हते, भाऊ. समदी 'ए' म्हनायची. नाव कुनी घेतलं न्हाई."

पाण्याचा आवाज कोरलेल्या दगडात घुमतो, त्यात माणसाला वाटेल ते ऐकू येतं. हे मी तिला समजावून सांगितलं. ती ऐकून घेत होती, पण तोंड बोगद्याकडं होतं.

५

धारेवाडीचं काम उरकून मी कचेरीत परतलो होतो. होळीच्या दुसऱ्या दिवशी सोमाजी सात कोस चालत तालुक्याला आला. कचेरीच्या ओट्यावर बसून राहिला, आत आला नाही. मीच बाहेर गेलो.

"ती ओळ खोडा, भाऊ," तो म्हणाला.

"का? कांदा चांगला आलाय की."

"कांदा जळू द्या. पोरगी आता बोगद्यापाशी बसून बोलती त्यांच्याशी. काल दोन पावलं आत गेली व्हती, मी वडून काडली. मला म्हनती, आबा, वारसानं भेटाया जायला नगं का?" त्यानं माझे पाय धरायला हात पुढं केला. मी मागं सरलो. "तुमी लिवलंय, तुमीच खोडा. आजच्या आज."

आता ऐका मी काय केलं ते. प्रांत साहेब चार दिवसांनी तपासणीला यायचे होते. तीनशे पानांच्या त्या रजिस्टरात एकही खाडाखोड नव्हती. अख्ख्या कचेरीत त्याची चर्चा होती. खोडायचं तर लाल शाईनं कारण लिहायचं आणि बाजूला साहेबांची सही घ्यायची. कारण काय लिहू? पाटकऱ्याच्या लेकीला हाका ऐकू येतात? लोक हसले असते मला.

"सोमाजीबाबा, चार दिवस थांबा. तपासणी होऊ दे, मग बघू."

"माझी चूक झाली म्हनून लिवा. दुसरा अंगठा देतो."

"अहो, चार दिवस! चार दिवसांत काय डोंगर पडतोय?"

 त्यानं पागोटं नीट केलं आणि तो निघाला. ऊन फार होतं. पाणी पिऊन जा, असंही मी म्हटलं नाही.

६

तिसऱ्या दिवशी निरोप आला. इंद्रायणी नाही.

मी गेलो. सोमाजी घंगाळापुढं बसलेला होता. त्यानं मला सगळं सांगितलं, अगदी शांतपणे. दुपारी तिची पाळी सुरू झाली, त्यानं वाटी तरंगत ठेवली. ती बोगद्याच्या तोंडाकडं गेली. एरवी तो तिला नजरेआड होऊ द्यायचा नाही, पण पहिली घटका तर होऊ दे, खडा टाकतो आणि उठतो, असं म्हणून तो वाटीकडं बघत बसला.

"वाटी बुडंना, भाऊ."

"म्हणजे?"

"तरंगतच व्हती. मी म्हनलं, अजून टाइम हाय. जलमभर वाटी बुडल्याबिगर जागचा हाललो न्हाई. कवातरी वर बगितलं तर सावल्या लांब गेल्या व्हत्या."

दुसऱ्या दिवशी सकाळी दोन्ही तोंडांनी माणसं आत शिरली. पलिते घेऊन, काठ्या आपटत, मधोमध एकमेकांना भेटली. गुडघाभर पाणी, कोरीव भिंती. एक फाटा नाही, एक खळगा नाही. गावानं म्हटलं, पलीकडून निघून गेली असेल, विधवाच ती. असं बोलायला लोकांना वेळ लागत नाही.

सोमाजीनं मला थांबवून घेतलं. ऊन डोक्यावर आलं तशी त्यानं फळी लावली, पहिल्यासारखी, आणि तिच्यावर ओणवा होऊन हाक मारली. "इंद्रायणे!"

आतून आवाज आला. "जी, आबा."

अंगावर काटा वगैरे काही आला नाही. तो आवाज इतका रोजचा होता. बाई घरात काम करत असावी आणि बापानं अंगणातून हाक मारावी, तसा.

"जेवलीस का?"

"जेवले की. समदी हाईत."

सोमाजी माझ्याकडं पाहून हसला. रडत होता आणि हसत होता. "काल बी बोलली," तो म्हणाला. "याच टायमाला. बोलती तरी, भाऊ."

मी वाकलो. नसतो वाकलो तर बरं झालं असतं. डोळे अंधाराला सरावायला वेळ लागला. पलीकडचा उजेड जवळजवळ बुजलेला होता आणि त्या उरलेल्या उजेडावर मला डोकी दिसली. दोन्ही भिंतींना पाठ लावून, पंगतीत बसावं तशी, पाण्यात मांडी घालून. किती होती, मोजली नाहीत. हलत नव्हती. अलीकडच्या टोकाचं एक डोकं पदर घेतलेलं होतं आणि ते वळलं.

"भाऊ आलं व्हय?" इंद्रायणी म्हणाली. "या की, बसा. सरकत्यात समदी."

आणि ती डोकी सरकली. आधी पलीकडच्या टोकाचं डोकं, मग त्याच्या शेजारचं, मग त्याच्या शेजारचं. एकेकाच्या मधून उजेड यायचा आणि जायचा, आणि ते सरकणं ओळीनं माझ्याकडं येत होतं. तौबा! मी पळालो. जोडे तिथंच राहिले.

७

माझी खात्री पटली होती. नाव लिहिलं म्हणून ती गेली, तर नाव काढलं की सुटेल. एवढा साधा हिशेब होता. अनवाणी सात कोस आलो, दुसऱ्या दिवशी कचेरी उघडताच रजिस्टर काढलं. ओळ ओलीच होती. लाल शाईनं तिच्या नावावर आडवी रेघ मारली, "वारस नोंद चुकीची, रद्द" असं लिहिलं आणि तपासणीला आलेल्या साहेबांपुढं पान धरलं. सही आत्ताच करा, साहेब, असं मी दोनदा म्हणालो.

साहेबांनी वाचलंसुद्धा नाही. बाजूला सही ठोकली. "अहो हनीफ, एवढं काय घाबरताय? एवढ्या मोठ्या रजिस्टरात एखादी खोड व्हायचीच." आणि पुढचं पान उलटलं.

एवढंच. एवढ्यासाठी मी चार दिवस म्हणालो होतो.

तिसऱ्या दिवशी धारेवाडीला गेलो तो धावतच. वाटलं, इंद्रायणी वाफ्यात उभी असेल. नाही तर चुलीपाशी तरी. कांद्याचे वाफे सुकून पांढरे पडले होते. सोमाजी फळीपाशी बसला होता. घंगाळ होतं, पण वाटी त्यानं उपडी ठेवली होती.

"आली का?" मी विचारलं.

"भाऊ," तो म्हणाला, "परवापासनं पोरगी बोलत न्हाई."

मी फळीपाशी त्याच्या शेजारी बसलो. 

"पैल्या दिशी वाटलं, निजली आसंल. काल लई हाका मारल्या. आज बी मारल्या." त्यानं माझ्याकडं पाहिलं. "तुमी खोडलं व्हय?"

"खोडलं, सोमाजीबाबा. ती सुटावी म्हणून."

तो बराच वेळ त्या फळीवरून हात फिरवत होता. रागावला नाही. रागावला असता तर मी आज ही गोष्ट इतक्या वेळा स्वतःला सांगितली नसती.

"तवा खोडायचं व्हतं," तो म्हणाला. "आता न्हाई."

मग म्हणाला, "आज आतून दुसरं कोनतरी बोललं. बाप्या मानूस व्हता. म्हनला, कोन इंद्रायणी?"

मी संध्याकाळी कचेरीत परतलो. सगळे घरी गेले होते. रजिस्टर काढलं, ते पान उघडलं आणि त्या ओळीवरून बोट फिरवलं. बोटाला शाई लागली नाही. ओळ वाळली होती.